खऱ्या मापाचं बाळ

सोमवार, ९ जानेवारी

हत्ती परत आला! चौथीच्या बाईंनी तो उठावाचा तक्ता स्वतः आणून माझ्या टेबलावर आपटला. आमच्या अंधशाळेतल्या मुलांसारखं बाईंनाही दिसत नाही, पण माझी खोली त्यांना तोंडपाठ आहे. एखादी खुर्ची जागची हलली असली की पहिला उद्धार माझाच. म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यावर हत्ती आणि उंदीर एकाच मापाचे. निम्मा वर्ग हत्ती खिशात घालून घरी न्यायला निघालाय."

मी म्हटलं, हत्ती पानावर मावायचा कसा? आणि उंदीर खऱ्या मापाचा केला तर त्याचे कान बोटांना लागायचे कसे? बोटांना जे वेगळं लागत नाही ते मोठं करायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. मोठं केलं की खाली ब्रेलमध्ये लिहायचं — इतके पट. लिहिलं होतंच! "खालचं कोण वाचतंय? मुलं आधी चित्राला हात घालतात," बाई म्हणाल्या. मग तुम्ही वाचायला लावा, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ठेवून दिलाय हत्ती कपाटावर.

मधल्या सुट्टीत मापाडीण आली. बाईंच्याच वर्गातली, नऊ वर्षांची. हाताला लागेल ते वितीनं मोजते, म्हणून हे नाव मीच ठेवलं. माझं टेबल, माझा दंड, एकदा माझं नाक! आज थेट मुद्द्यावर आली. "काका, आईच्या पोटात बाळ आहे. केवढं आहे?"

घरी विचारलंस का? "विचारलं. आत्या म्हणाली, 'एवढुसं.' हातानं दाखवलं असणार."

हसायला आलं होतं, पण हसवेना. जन्मभर हिला लोक 'एवढुसं' आणि 'हे बघ असं' म्हणत राहणार.

बुधवार, ११ जानेवारी

मोठ्या वर्गांसाठी केलेला संच आहे — पोटातलं बाळ, दुसऱ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत. आधी मातीत घडवलं, मग साचा काढून रबरात ओतलं. माझं सगळ्यात चांगलं काम. मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही.

आईला चौथा महिना चालू आहे. पेटी जड, ती कुठे ओढत बसा, म्हणून तिच्यातून चौथ्या महिन्याचं बाळ तेवढं काढून मापाडिणीच्या हातात ठेवलं. तिची बोटं फिरली. कपाळ, नाकाचा उंचवटा, मिटलेल्या मुठी. मी आपला उभा. आता म्हणेल, काका, काय छान!

"गार आहे. आणि किती हलकं! मेलेलं आहे का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मेलेलं नाही गं, रबराचं आहे, म्हटलं. तर म्हणे, "पण खरं बाळ रबराचं नसतं ना?" नसतं. बाळ परत घेतलं आणि सांगितलं, थांब थोडे दिवस.

शुक्रवार, २० जानेवारी

ताईला सांगून चूकच केली. ही माझी थोरली बहीण, आयुष्यभर बाळंतपणाचा वॉर्ड चालवला आणि निवृत्त झाल्यापासून मला चालवते. पोट धरून हसली. "अरे, तू जन्मात एक तरी बाळ धरलंयस का? माझा मुलगा झाला तेव्हा म्हणालास, टेबलावर ठेव, मी इथूनच बघतो!"

खरं आहे. हातातून पडेल, ही भीती. लग्न केलं नाही, त्यामुळे ती भीती तशीच राहिली. पन्नाशी उलटली तरी कोणी बाळ पुढे केलं की माझ्या दोन्ही हातांत काहीतरी असतंच.

पण हसून झाल्यावर बसली माझ्याबरोबर. बाळ दिसतं त्याहून जड लागतं, म्हणाली. मान धरत नाही. मी बाळाला पाठीतून चिरलं, आत वाळू भरली, मान सैल केली, वरून मऊ कातडं शिवलं. आज गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून ऊब आणली आणि मग मापाडिणीला दिलं.

छातीशी धरलं. बऱ्याच वेळानं टेबलावर ठेवून वीत टाकली. "जवळजवळ दोन विती! काका, आईच्या पोटात एवढं आहे?" हो, म्हटलं. घरी नेऊ का म्हणाली. ने की! आज मी हवेत आहे. बाईंनासुद्धा हसून नमस्कार केला.

सोमवार, २३ जानेवारी

हत्ती अजून कपाटावर. त्याचं पुढे बघू.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

पाचवा महिना. हे बाळ सोपं गेलं — खऱ्या मापाचं, खऱ्या वजनाचं. ताईनं वाळू तोलून दिली.

मापाडिणीनं वीत टाकली. पुन्हा टाकली. उचलून पाहिलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "एवढंच?"

एवढंच गं, नाजूक असतं, म्हटलं. जुनं दिलं, नवं घेतलं, पण छातीशी वगैरे धरलं नाही. काय बिनसलं कोण जाणे. वर्गात बोलणी खाल्ली असतील.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

मापाडिणीची आई आली होती. चेहरा उतरलेला, पण हसत होती. "तुम्ही काय जादू केलीत काका? हल्ली जेवायला बसली की स्वतःच्या ताटातलं निम्मं माझ्या ताटात ढकलते. खा, खा म्हणून मागे लागते. मला बादली उचलू देत नाही. रात्री पोटावर हात ठेवून झोपते."

मला भरून आलं. एका रबराच्या बाळानं एवढी माया लावली! आईला म्हटलं, मोठी ताई झाली ती आता. आई निघताना म्हणाली, "हिच्या वेळी सातव्यातच बाळंत झाले होते. कमी दिवसांची, म्हणून डोळे गेले तिचे. या वेळी सगळं नीट होऊ दे." होईल, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवार, १० मार्च

सहावा महिना. "थोडं भरलंय," म्हणाली. अगदी म्हाताऱ्या डॉक्टरासारखी.

मग म्हणाली, "पण पहिल्याएवढं परत होईल ना, काका?" मी कात्री घेऊन एका नकाशात अडकलो होतो. होईल की, म्हटलं. मान वर केली नाही.

गुरुवार, ६ एप्रिल

बाळ झालं! सातव्यातच. मुलगा. काचेच्या पेटीत ठेवलंय, श्वास नळीनं. बाईंना फोन आला, त्यांनी येऊन सांगितलं आणि उभ्याच राहिल्या. मी खुर्ची दिली तर बसल्याही.

ताई म्हणते, हल्ली एवढ्या दिवसांची बाळं जगतात. पण नेहमी हातवारे करत बोलणारी ताई आज हात मांडीवर ठेवून बोलली.

सोमवार, १० एप्रिल

काय लिहू? कसं लिहू?

मापाडीण आज शाळेत आली. माझ्या खोलीत आली. पिशवीतून सहाव्या महिन्याचं बाळ काढून टेबलावर ठेवलं. "हे घ्या. मला माहीत होतं."

काय माहीत होतं?

"तो लहान लहान होत होता. आधी दोन विती होता. मग एकच. वजनपण गेलं. मी आईला खायला घालत होते. बादली उचलू देत नव्हते. तरी तेवढा भरलाच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी काहीतरी केलं असतं." रडत नव्हती. धडा म्हणून दाखवावा तसं सांगत होती.

चौथ्या महिन्याचं बाळ मी दुप्पट केलंय! त्याची बोटं बोटांना लागावीत म्हणून. पाचव्यापासून सगळी खऱ्या मापाची. आणि 'दुप्पट' हा शब्द कुठे आहे? पेटीत. त्या खणाच्या तळाशी, माझ्याच हातानं ठोकलेल्या सुबक ब्रेलमध्ये. पेटी जड होती म्हणून मी बाळ तेवढं काढून दिलं. वर त्यात वाळू भरली, म्हणजे वजनही खोटं.

दोन महिने या पोरीनं आपलं ताट आईच्या ताटात रिकामं केलं. मी त्याला माया म्हणालो.

मंगळवार, ११ एप्रिल

सगळं समजावून सांगितलं. पेटी आणली, ब्रेल वाचायला दिलं. काल बसून चौथ्या महिन्याचं खऱ्या मापाचं बाळ मेणात केलं — तिच्या एका वितीतही भरत नाही — तेही तिच्या हातात ठेवलं. माझी चूक, फक्त माझी, तुझा भाऊ एक दिवसही लहान झाला नाही, असं तीनतीनदा सांगितलं.

नीट ऐकून घेतलं. मग मेणाचं बाळ परत दिलं. "हे तुम्ही काल केलंत. मला बरं वाटावं म्हणून."

माझ्या हातचं काही आता तिला खरं वाटणार नाही, आणि का वाटावं? बाई दारात होत्या, सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हत्तीचा विषय काढतील. नाही काढला. एवढंच म्हणाल्या, "तिला खऱ्याला हात लावू द्या. दुसरा इलाज नाही."

बुधवार, १२ एप्रिल

इस्पितळात जाऊन आलो. वॉर्डच्या सिस्टरनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. लहान मुलांना आत सोडत नाहीत. काचेतून बघता येईल.

काचेतून बघता येईल! बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. शेजारी मापाडिणीचे वडील, दाढी वाढलेली. म्हणाले, "घरी तर ती विचारतच नाही हो बाळाचं. आम्हाला वाटलं, लहान आहे, कळत नसेल." त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी चेहरा ओंजळीत घेतला आणि तसेच बसले.

शुक्रवार, १४ एप्रिल

ताईशी भांडण. तिनं त्या वॉर्डात ओळख काढावी, शब्द टाकावा, एवढंच म्हणत होतो. "नियम मीच केलेत असले! जंतू हातांवरून येतात. आणि तुझी ती मापाडीण — तिची बोटं कशी पळतात सगळीकडे, मी बघितलीयेत. एवढ्या कमी दिवसांच्या बाळाला कुरवाळलेलं सोसत नाही. कातडी कागदाहून पातळ. हात फिरला की श्वास चुकतो त्यांचा. ठेवायचा तर हात स्थिर ठेवायचा, दगडासारखा. तिला जमेल?"

ज्याला दिसत नाही त्याची बोटं फिरली नाहीत तर त्यानं पाहायचं कसं? तिला सांगायचं, डोळे उघड पण बघू नकोस?

पण ताईला तिचंच बोलणं लागलं असावं. जेवताना म्हणाली, "सातव्या महिन्याचं घेऊन ये घरी. आणि तिलाही. बघू."

शनिवार, १५ एप्रिल

मापाडीण, तिचे वडील, ताई, मी. सातव्या महिन्याचं बाळ गरम पाण्याच्या पिशवीवर. ताई म्हणाली, एक हात डोक्यावर वाटीसारखा, दुसरा पायांखाली. बस. आता हलायचं नाही.

क्षणभरही जमेना. बोटं आपोआप चालायला लागतात, कान शोधतात, नाक शोधतात. ताई ओरडली, "श्वास चुकला त्याचा!" पोरगी दचकली. वडिलांनी ताईकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता उठून जातात. पण मापाडीणच म्हणाली, "पुन्हा."

पुन्हा. पुन्हा. मला बघवेना, मी चहा करायला गेलो.

शुक्रवार, २१ एप्रिल

रोज संध्याकाळी येते. आज हात ठेवले आणि ठेवलेच. चहा निवला तरी हलले नाहीत. तिच्या कपाळावर घाम. ताईनं हळूच विचारलं, काय कळतंय तुला? "डोकं माझ्या हातात पूर्ण मावतं. पाय दुसऱ्यात. आणि दोन हातांच्या मध्ये जेवढी जागा उरली, तेवढा तो."

ताई उठून आत गेली. फोनवर बोलताना ऐकलं — "माझ्या जबाबदारीवर. हो, माझ्या. हात मी स्वतः धुऊन देईन तिचे."

मंगळवार, २५ एप्रिल

आज.

ताईनं तिचे हात कोपरापर्यंत धुतले. नखं कालच कापली होती. मी काचेबाहेर, वडिलांशेजारी. आत आई, खुर्चीत, इतकी वाळलेली की ओळखू आली नाही. सिस्टरनी पेटीची दोन गोल झाकणं उघडली. नळ्या, तारा, आणि मध्ये तो. माझं सातव्या महिन्याचं बाळ किती सुबक आहे! हा सुबक नव्हता. लाल, सुरकुतलेला, छाती भात्यासारखी वरखाली.

ताईनं तिचे हात हातांत घेऊन आत नेले आणि सोडले. एक डोक्यावर. एक पायांखाली. हलले नाहीत. वडिलांनी माझं मनगट धरलं होतं की मी त्यांचं, आठवत नाही.

केव्हातरी तिचा चेहरा बदलला. तिथेच, हात न हलवता, ती रडायला लागली. पाणी गालांवरून घळाघळा. पुसायला हात मोकळा नव्हता, आईनं पदरानं पुसलं. सिस्टर यंत्राकडे बघत होत्या. झाकणं बंद केली नाहीत.

बाहेर आल्यावर थेट माझ्याकडे. "काका, दोन हातांच्या मध्ये बरीच जागा आहे. सहाव्या महिन्यात नव्हती एवढी. तो मोठा होत होता!" मग दोन्ही मुठींनी माझ्या पोटावर गुद्दे मारले, चांगले जोरात. "तुम्ही खोटं माप दिलंत!"

हो, म्हटलं. दिलं. मार अजून. मारलं अजून. मग तिथेच डोकं टेकून उभी राहिली.

आई मागून आली. मला एकटं गाठून म्हणाली, "डोळ्यांचं अजून सांगत नाहीत. तपासत राहणार म्हणतात. काका, दुसरंही तुमच्याच खोलीत येणार का हो?" आलं तर सोन्यासारखं सांभाळू, असं म्हणायला हवं होतं. मी तिला बसायला खुर्ची ओढून दिली.

मंगळवार, २ मे

संच पुन्हा केला. जिथे जिथे मोठं केलंय तिथे खऱ्या मापाचं दुसरं बाळ दोरीनं त्यालाच बांधलं. तोडल्याशिवाय वेगळं होणार नाही. हत्ती कपाटावरून काढला. त्याचा पाय खऱ्या मापाचा करतोय, नुसता एक पाय. खोलीच्या कोपऱ्यात उभा राहील, मुलांनी कवेत घ्यावा. बाई म्हणाल्या, "आणि उंदीर?" तोही करतो, म्हटलं.

रविवार, ११ जून

बाळ घरी आलंय. ताई आणि मी बघायला गेलो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मापाडिणीनं त्या काढून घेतल्या आणि आईनं बाळ दिलं.

पडलं नाही.

बुधवार, २८ जून

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज शेवटचं तपासलं. दिसणार आहे! आई फोनवर रडत होती, वडील मागून ओरडून तेच सांगत होते. ताईनंही डोळे पुसले.

शाळा सुटल्यावर मापाडीण आली. दार लावून घेतलं.

"काका, त्याला दिसणार. म्हणजे मी त्याला दिसणार."

हो गं.

"मी कशी आहे, ते मला कुठे माहीत आहे? त्याच्या आधी मला कळलं पाहिजे. माझा चेहरा करून द्या."

तुझा चेहरा तर तुझ्या हाताशीच आहे की, म्हटलं. तर म्हणाली, "मी मला हात लावला की दोन्हीकडून मीच असते. मला बाहेरून बघायचंय."

माती भिजत घातली आहे. दारातून परत फिरून बजावून गेली — खऱ्या मापाचा.